सुई ओवणारीचा चेहरा

आमच्या इमारतीत, तळमजल्याच्या डाव्या घरात एक बाई राहते. संग्रहालयात कामाला आहे म्हणून सगळे तिला संग्रहालयवाली म्हणतात. तिथल्या कार्यशाळेत ती ताई, आणि घरी नणंदेची वहिनी. कुणी विचारलं की बाई, तुम्ही तिथं नक्की करता काय, तर ती सरळ सांगते, जुनी चित्रं थुंकी लावून पुसते. विचारणाऱ्याला वाटतं ही आपली फिरकी घेतेय, आणि तो विषय बदलतो.

पण ते अगदी खरं आहे. बारीक काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर धरून ओला करायचा आणि चित्रावर हलकेच फिरवायचा. घासायचा नाही, पोळपाटावर लाटणं फिरावं तसा फिरवायचा. कापूस काळा पडला की काडी बरणीत टाकायची आणि दुसरी घ्यायची. वापरलेली काडी पुन्हा तोंडात जात नाही, हे सांगायलाच नको, तरी लोक विचारतातच. शेवटी शुद्ध पाण्याचा एक हात आणि बरणीला झाकण. अन्न पचवायला निसर्गानं थुंकीत जे काही घालून ठेवलंय, तेच जुना धूर नि तेलकटपणा सोडवतं. शिवाय ती अंगाइतकी कोमट असते आणि रंगाला दुखवत नाही. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांतही हेच चालतं. तिथं त्याला नाव भारदस्त असेल, एवढंच.

ती आधी तिथं काचा पुसायला लागली होती. कपाटांच्या काचा. चित्रांची डागडुजी करणारे म्हातारे मास्तर येता-जाता तिचा हात बघायचे. इतर बायका काच अशी पुसायच्या की जणू तिच्याशी जुनं वैर आहे; ही मात्र झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण घालावं तशी पुसायची. एक दिवस मास्तरांनी तिला वर बोलावलं आणि कापसाची काडी हातात दिली. काय करायचं ते ऐकून तिनं तोंड वाकडं केलं. मास्तर शांतपणे म्हणाले, “पोरी, लेकराचं तोंड पुसताना रुमालाचं टोक कशानं ओलं करतेस?”

झालं. तिथून पुढं शिक्षण, परीक्षा, प्रमाणपत्रं सगळं यथासांग झालं, पण खरा प्रवेश त्या एका प्रश्नावर मिळाला, असं ती आजही म्हणते. मास्तर गेले, त्यांची खुर्ची हिच्याकडे आली. गवई गळा जपतो तसं हिनं तोंड जपलं. कामाच्या आधी चहा नाही, कांदा नाही, तिखट नाही. नवरा बसचा चालक, गरीब स्वभावाचा. तो म्हणायचा, आमच्या घरात सगळ्यात महागाची वस्तू म्हणजे बायकोचं तोंड, आणि ते आमच्यापुढं उघडतही नाही.

तोंड उघडायचं खातं नणंदेकडं होतं. वन्सं. नवऱ्याची थोरली बहीण. बसस्थानकावर तिकिटाच्या खिडकीत बसून माणसांना झापण्यात त्यांची नोकरी गेली, आणि निवृत्त झाल्यावर खिडकी सुटली तरी सवय सुटली नाही. वहिनीच्या कामावर बोलायला तर त्यांना पहिल्यापासून चेव यायचा. चार माणसं जमली की त्यांचं सुरू व्हायचं: आमच्या वहिनीला थुंकायचा पगार मिळतो हो, आम्ही रस्त्यावर थुंकलो तर दंड. सगळे हसायचे. वहिनीही हसायची, पण आत जाऊन भांडी जरा जोरात ठेवायची.

आता ते चित्र.

एका जुन्या खाणावळीच्या भिंतीवर, चुलीच्या वरच्या अंगाला ते कित्येक वर्षं लटकलेलं होतं. खाणावळ मोडली तेव्हा मालकानं ते संग्रहालयाला दिलं. इतका धूर बसलेला की चित्र आहे की तवा, असं विचारावं. मागच्या बाजूला खडूनं कुणीतरी लिहिलेलं, सुई ओवणारी. चित्रकार कोण, पत्ता नाही. ताईनं ते घेतलं आणि कडेपासून सुरुवात केली. आधी भिंत निघाली, मग खुर्चीचा पाय, मग निळसर घोळदार कपडा, मग मांडीवरचा एक हात आणि त्या हातात सुई. दुसरा हात वर, चेहऱ्याकडं गेलेला. तो तिकडं करतोय काय, हे काळोखात दिसत नव्हतं. चेहरा ताई नेहमी शेवटी घ्यायची. आधी हाताला त्या चित्राचा धूर कळू द्यावा, त्याची खोड कळू द्यावी, मग माणसाच्या तोंडाला हात लावावा, अशी तिची रीत. मास्तरांचीच.

आणि चेहऱ्याशी येऊन ठेपली तेव्हा हिच्याच गळ्यात गाठ निघाली.

फार सांगत नाही त्यातलं. किरणांचे उपचार झाले, लांबले, आणि सुदैवानं लागू पडले. गाठ गेली, आवाज राहिला, थुंकी गेली. डॉक्टर म्हणाले, किरणांनी त्या ग्रंथी सुकतात. काहींची थोडीफार परत येते, काहींची येत नाही. ताईनं हात जोडले. जीव राहिला होता, आणखी काय मागायचं, असं तिला तेव्हा मनापासून वाटलं.

त्या दिवसांत वन्सं एक पिशवी घेऊन आल्या त्या राहिल्याच. येताक्षणी भावाला स्वयंपाकघरातून हाकललं. सगळं शिजवून, घोटून, गाळून, निववून वहिनीच्या तोंडाशी न्यायच्या. चमच्यानं भरवायच्या आणि वर बडबडायच्या: गीळ, नाटकं नकोत, दुखतंय तर रड, लाजतेस कुणाला, भिंतीला? शब्द एकही गोड नाही. पण चमचा कधी दाताला लागला नाही, घास कधी गरम लागला नाही. वहिनी हे बघत होती. बोलता येत नव्हतं म्हणून नुसती बघत होती.

बरी होऊन ती कामावर गेली तेव्हा चित्र होतं तिथंच होतं. चौकटींचं काम करणाऱ्या मिस्त्रीनं त्यावर पांढरी चादर घातली होती आणि ती तो नेमानं झटकून पुन्हा घालत होता. कार्यशाळेत माणसं दोनच, लाकडाला मिस्त्री आणि चित्रांना ताई. तो म्हणाला, बाईसाहेब तुमचीच वाट बघत बसल्यात, आम्ही फक्त पांघरूण घातलं. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. डोळ्यांत आलं, तोंडात नाही. तिनं काडी जिभेवर धरली आणि कापूस सुक्या लाकडाला चिकटावा तसा जिभेला चिकटला. लिंबू आठवून पाहिलं, चिंच आठवून पाहिली. मिस्त्री पाठ करून खिळ्यांच्या डब्यात काहीतरी शोधत राहिला. एवढा वेळ एक खिळा शोधत नाही कुणी.

थुंकीसारखं औषध बाटलीत बनवता येतं. तिनं ते बनवलं. चित्रातल्या भिंतीचा एक कोपरा राहिला होता तो त्यानं झकास निघाला. मग गालाच्या कडेला, केसांच्या आडोशाला, तिळाएवढ्या जागेवर तिनं ते लावून बघितलं. कापसावर काळं आलं, आणि काळ्याच्या मागून अगदी फिकट गुलाबी.

गुलाबी म्हणजे धूर नव्हे. गुलाबी म्हणजे त्या बाईचा गाल. चित्रकारानं चेहऱ्यावर शेवटचा पातळ हात कशाचा फिरवला होता देव जाणे, पण तो या औषधाला सुटत होता. तिनं बाटली बंद केली. इतकी भीती दवाखान्यातही वाटली नव्हती, असं तिनं मला सांगितलं.

मिस्त्री म्हणाला, माझी चालेल का? तंबाखू सोडून मला जमाना झाला. ताई आधी नको म्हणाली, मग हो म्हणाली. तो ओल्या करून काड्या द्यायचा, ती हातमोजे घालून घ्यायची. गळ्यापाशी चांगलं एक बोट लांबीचं निघालं, गुलाबी आलं नाही. दोघं खूश. ताई अजून लवकर दमायची. त्या दिवशी ती जरा आधीच निघाली, आणि पाण्याचा शेवटचा हात उद्या फिरवू म्हणून राहून गेला. बरणीचं झाकणही राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालयाच्या प्रमुख मॅडम नव्या दालनाची पाहणी करत करत कार्यशाळेत आल्या, तर मुंग्यांची एक शिस्तशीर रांग टेबलाच्या पायावरून बरणीत, आणि दुसरी फांदी चित्र टेकवलेल्या लाकडी घोडीवरून वर, त्या बाईच्या निळ्या कपड्यावरून थेट गळ्यापर्यंत.

मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. मग कबूल झाला. चित्रापुढं बसलं की भीतीनं तोंडाला कोरड पडते, म्हणून त्यानं गालात लिंबाची गोळी धरली होती. गोड. ताईची पंचाईत होऊ नये, थुंकी भरपूर यावी, एवढाच बिचाऱ्याचा हेतू.

चित्राला काही झालं नव्हतं. ताईनं मुंग्या मऊ कुंचल्यानं एकेक उतरवल्या, गळा पाण्यानं पुसून घेतला. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्टुलावर बसल्या आणि हळू बोलल्या. दालन उघडायचा दिवस जवळ आलाय. न धुतलेल्या चेहऱ्यानं हे चित्र लावता येणार नाही, ते पुन्हा कोठीत जाईल. आणि तुम्ही, ताई, एवढ्या दुखण्यातून उठलात, आता खुर्चीवर बसून वस्तूंच्या माहितीच्या पाट्या लिहा. नोकरीला धक्का नाही, कशालाच नाही. ताई म्हणाली, बरं. बाईच्या तोंडावर तिनं चादर घातली. या खेपेला ती मिस्त्रीची चादर तिला पांघरुणासारखी वाटली नाही.

घरी आली, चपला काढल्या आणि तशीच दाराशी बसली. वन्सं पीठ मळत होत्या. काय झालं, विचारल्यावर हिनं पाट्या लिहायचं तेवढं सांगितलं. वन्संना त्यात काही वावगं दिसेना. बसून काम, बरंच झालं की, म्हणाल्या. तेव्हा वहिनीचा बांध फुटला. ती म्हणाली, त्या बाईला मी भिंतीतून काढली, खुर्चीवर बसवली, हात दिले, आणि आता तोंड न देता कोठीत ढकलायची. मग सगळं सांगितलं. औषध, गुलाबी, गोळी, मुंग्या.

मुंग्यांचं ऐकून वन्सं हसल्या. अगदी पिठाचे हात कमरेवर ठेवून हसल्या. मग थांबल्या आणि हात धुवायला गेल्या. बराच वेळ धूत होत्या. पाठमोऱ्याच बोलल्या.

“मला विचारावंसं नाही वाटलं?”

वहिनी म्हणाली, “तुम्हाला? तुम्ही तर जन्मभर त्यावरच...”

“तेच म्हणते. माझ्या तोंडात गोड काही नसतं, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?”

वहिनीला हसू आलं आणि हसता हसता कोरड्या घशात ठसका लागला. वन्संनी पाण्याचा पेला पुढं केला आणि म्हणाल्या की चहा आपण बिनसाखरेचाच पितो, उद्या तोही नाही पिणार, सकाळी किती वाजता निघायचं तेवढं सांग.

मॅडमना पटवायला ताईला काही बोलावंच लागलं नाही. वन्संनी खिडकीतला आवाज लावला. मॅडमनी आधी कपाळावर हात मारला, मग हसू दाबलं, मग अटी घातल्या. तोंड धुऊन बसायचं, हातमोजे घालायचे, झाकण विसरायचं नाही, रोज निघताना पाण्याचा हात फिरलाच पाहिजे. आणि एकदा जरी गुलाबी दिसलं तर काम तिथंच बंद. वन्सं म्हणाल्या, कबूल, पण मला खुर्ची पाठीची पाहिजे. मिस्त्रीनं स्वतःची खुर्ची आणून दिली. त्यावर फडकं मारत तो पुटपुटला की मोठ्या साहेबांची थुंकी झेलणारे बरेच पाहिले इथं, पण अशी कामाला आलेली पहिल्यांदाच बघतोय. वन्संनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो आपणहून खिळ्यांकडं गेला.

पहिली काडी. वन्संनी ती दोन्ही ओठांत धरली, डोळे मिटले, जणू ताप मोजतायत. ताईनं घेतली. गालाच्या त्याच कडेला, आधीच्या तिळाएवढ्या जागेशेजारी, एक वेळा फिरवली. उचलली. उजेडाशी नेली.

काळं. नुसतं काळं.

तिनं दुसरी मागितली. तिसरी. कार्यशाळेत कुणीच काही बोलत नव्हतं, आणि याचं एक साधं कारण होतं, वन्संच्या तोंडात काडी होती. मिस्त्री पुढं सगळ्यांना सांगत फिरायचा की माझ्या नोकरीतले सगळ्यात निवांत दिवस ते.

मग रोज दोघी बरोबर निघायच्या. बाजाराच्या रस्त्यानं, मग कुंपणाच्या कडेनं, मागच्या दारातून आत. वन्सं पाठीच्या खुर्चीत, ताई घोडीपुढं. गाल निघाला. तिथं गुलाबी जागच्या जागी होतं, जसं कुणीतरी आत्ताच चुलीपुढून उठून आलंय. कान निघाला, त्यात एक साधी तार. कपाळावर घामानं चिकटलेली एक बट. ताई वेगानं काम करत नव्हती. करता येतच नाही. पण तिला आतून एक गोष्ट उमगत होती, ती तिनं पुढं मला सांगितली. दुखण्यात ती जिच्या हातून चमचा घेऊन जगली, त्याच बाईकडून आता काडी घेत होती. तेव्हाही तिचं तोंड चालत नव्हतं आणि आत्ताही नाही. आणि दोन्ही वेळा वन्सं तिथं बसलेल्या होत्या, समोर, कंटाळा न करता.

शेवटी ओठ राहिले, आणि तो वर गेलेला हात. ओठांच्या मधोमध धूर उतरला तशी एक पांढरी बारीक रेघ दिसली. ताईला वाटलं तडा. भिंग घेतलं. तडा वेडावाकडा जातो, ही रेघ ओठांतून निघून वर गेलेल्या हाताच्या चिमटीत शिरत होती. दोरा होता तो. दोऱ्याचं टोक. सुईत जावं म्हणून ती बाई ते ओठांत धरून ओलं करत होती.

ताईनं भिंग वन्संच्या हातात दिलं. त्या उठल्या, वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या. मग तोंडातली काडी काढून म्हणाल्या, “हिला कुणी पगार देत होतं का गं?”

ताईनं भिंग परत घेतलं. इतक्या वर्षांचा तो टोमणा तिथं, त्या घोडीपुढं, निकालात निघाला, हे दोघींना कळलं.

उरली फक्त डाव्या डोळ्याची आतली कड. मोहरीएवढी जागा. वन्संनी काडी पुढं केली. ताईनं मान हलवली. तिनं सर्वांत बारीक काडी घेतली, तिच्यावर कापसाचे चार तंतू गुंडाळले आणि स्वतःच्या जिभेवर ठेवली. वाट बघितली. मिस्त्रीनं रंधा थांबवला. कापूस चिकटला नाही. फार नव्हे, दवाचा थेंब गवतावर असतो त्याच्याही निम्म्यानं ओलावा असेल, पण होता. मोहरीएवढ्या जागेला तेवढा पुरला. तिनं काडी एकदा फिरवली, बरणीत टाकली, झाकण लावलं. सुई ओवणारी दोन्ही डोळ्यांनी आपल्या दोऱ्याकडं बघत होती.

दालन उघडलं त्या दिवशी आमच्या इमारतीतले सगळे गेले होते. वन्सं त्या चित्रापाशी उभ्या होत्या, आणि कुणी बोट पुढं नेलं की तिकिटाच्या खिडकीतल्या आवाजात सांगत होत्या, लांबून बघा, लांबून, घाण काढायला माणसं लागतात. ताई कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती. पाट्या लिहायचं काम मॅडमनी दुसऱ्या कुणाकडं दिलं होतं. तिच्या घोडीवर नवं चित्र चढलं होतं, काळंकुट्ट, ओळखू न येणारं. तिनं मला जागा करून दिली आणि हे सगळं, आत्ता सांगितलं तसंच, हळूहळू, मधे मधे पाणी पीत सांगितलं.

गर्दी ओसरल्यावर वन्सं येऊन तिच्याशेजारी टेकल्या. वहिनीनं त्यांचा हात धरला. ती म्हणाली, “वन्सं, मला नीट बोलता येत नाही, पण तुम्ही होता म्हणून...”

“पाणी पी,” वन्सं म्हणाल्या, आणि टोपण उघडून बाटली तिच्या हातात दिली. हात मात्र सोडवून घेतला नाही.